सिराचे आईबाप सापडले, पण मिऱ्याचा वास कुणाचा?

कॅलिफोर्नियात नापा खोऱ्याच्या पश्चिमेला माउंट व्हीडर नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 1300 फुटांवर, स्टीव्ह लाजिअर आणि कॅरोल मेरेडिथ या नवराबायकोने 1986 मध्ये 84 एकर जमीन घेतली. त्यातल्या अगदी थोड्या भागावर 1994 मध्ये त्यांनी सिरा या काळ्या द्राक्षाची लागवड केली. पुढे त्यातून 'लाजिअर मेरेडिथ' ही छोटीशी घरगुती वायनरी उभी राहिली. माणसं मुख्यतः दोनच. स्टीव्ह यांना वाइन बनवण्याच्या धंद्याचा अनुभव होता आणि बागेतली बरीचशी कामं दोघं स्वतःच करायची.

आता तुम्ही म्हणाल, संशोधनाची तयारी करणाऱ्यांच्या ब्लॉगवर वायनरीचं काय काम? तर काम असं आहे की कॅरोल मेरेडिथ या डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात द्राक्षाच्या आनुवंशिकीच्या प्राध्यापक होत्या. द्राक्षाच्या जुन्या वाणांचे आईबाप डीएनएवरून शोधण्याचं जे काम 1990 च्या दशकात गाजलं, त्यात त्यांच्या प्रयोगशाळेचा वाटा फार मोठा आहे. आणि 1998 मध्ये, म्हणजे स्वतःच्या उतारावर सिरा लावून चार वर्षं झाल्यावर, त्यांच्या गटाने फ्रान्समधल्या माँपेलियेच्या संशोधकांबरोबर याच सिराचे आईबाप शोधून काढले.

एकच झाड, पण एकाच माणसाने दोन बाजूंनी पाहिलेलं. एकदा ट्यूबमधून आणि एकदा डोंगरावरून. या दोन बाजूंना वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात, आणि आजच्या पोस्टमध्ये मला तेवढंच नीट उलगडून दाखवायचं आहे. पीएचडीच्या मुलाखतीत "हीच पद्धत का?" असं विचारलं की आपल्यातले बहुतेकजण "कारण ती अचूक आहे" असं सांगून मोकळे होतात. समोरून पुढचा प्रश्न येतो, "कशासाठी अचूक?" आणि तिथे गाडी अडते. पहिली दोन वर्षं घालवून नंतर हा प्रश्न कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

नावावरून केलेला इतिहास

सिरालाच ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे शिराझ म्हणतात. नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये हे नाव सर्रास दिसतं. नाव ऐकल्याबरोबर इराणमधलं शिराझ शहर डोळ्यांसमोर येतं, आणि तशी दंतकथाही आहे: धर्मयुद्धाहून परतलेल्या एका सरदाराने ही वेल पूर्वेकडून आणली आणि फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीवर लावली. दुसरी कथा सिसिलीतल्या सिराक्यूज शहराशी नातं जोडते. दोन्ही कथा उच्चाराच्या साम्यावर उभ्या आहेत.

नावावर विसंबण्यातला धोका द्राक्षात पदोपदी दिसतो. एकाच वाणाला गावागावांत वेगळी नावं असतात आणि वेगळ्या वाणांना एकच नाव असतं. कॅलिफोर्नियात 'पेटीट सिरा' नावाने ज्या वेली आहेत, त्यांतल्या बहुतेक वेली 'द्युरिफ' या वेगळ्याच वाणाच्या निघाल्या, आणि द्युरिफ हे सिरा व पेलुर्सें यांचं अपत्य निघालं. म्हणजे नावात सिरा आहे, नातंही आहे, पण ते मुलाचं.

मग वाण ओळखायचा कशावरून? आधी पानांचा आकार, दातेरी कडा, कोवळ्या शेंड्यावरची लव, घडाची ठेवण यावरून तज्ज्ञ ओळखत. ही विद्या आजही उपयोगी आहे. पण पानावरून दोन वाण एक आहेत की नाहीत हे कळेल, त्यांचे आईबाप कोण हे ठामपणे कळणार नाही. त्यासाठी वेगळं हत्यार लागलं.

शेकडो वर्षांपूर्वीचे आईबाप अजून जिवंत कसे?

माणसाच्या बाबतीत दहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाचं रक्त आपल्याला मिळत नाही. द्राक्षात मिळतं. कारण द्राक्षाची बाग बियांपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात. काडी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. तिला मुळं फुटली किंवा खुंटावर कलम केलं की तेच झाड दुसऱ्या जागी वाढू लागतं. या हिशेबाने माउंट व्हीडरवरची सिरा, ऱ्होनच्या टेकडीवरची सिरा आणि नाशिकच्या बागेतली शिराझ ही एकाच मूळ रोपाची पसरलेली शरीरं आहेत. मधल्या काळात कुठेकुठे छोटी उत्परिवर्तनं झाली असतील, एवढंच.

ते मूळ रोप कधीतरी एका बीपासून उगवलं. त्या बीला एक आई होती आणि एक बाप होता. त्यांच्याही काड्या कुणी ना कुणी लावत राहिलं असेल, तर ते आईबाप आजही कुठल्यातरी बागेत उभे असतील. आणि कुणीच लावल्या नसतील, तर ते कायमचे गेले. कितीही महागडं यंत्र आणलं तरी नसलेल्या नमुन्याचा डीएनए ते वाचू शकत नाही.

म्हणून या सगळ्या कामाचा खरा कणा आहे वाणांचा संग्रह. माँपेलियेच्या संशोधकांकडे असा हजारो वाणांचा संग्रह होता. समुद्राकाठच्या वाळूत, कारण वेलींची मुळं खाणारी फिलॉक्सेरा ही कीड वाळूत टिकत नाही. बाजारात ज्यांना किंमत नाही असे वाणही तिथे वर्षानुवर्षं सांभाळले गेले. सिराचे आईबाप नेमके अशाच बिनमहत्त्वाच्या वाणांत निघाले. दोघंही लागवडीतून जवळजवळ नाहीसे झालेले. प्रसिद्ध वाणांच्या यादीत शोधलं असतं तर ते सापडलेच नसते.

पट्ट्या जुळवायच्या कशा

वापरलेली पद्धत मायक्रोसॅटेलाइटची, म्हणजे एसएसआर मार्करची. नेटच्या अभ्यासात ही वाचलेली असेलच, तरी एकदा सावकाश पाहू.

डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जसं जीए-जीए-जीए. तो किती वेळा येतो हे वेगवेगळ्या झाडांत वेगळं असतं. पीसीआरने तेवढा भाग वाढवला की त्याची लांबी मोजता येते. द्राक्षात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन लांब्या मिळतात. व्हीव्हीएस2, व्हीव्हीएमडी5 अशी या ठिकाणांची नावं आजही पेपरांत भेटतात.

आता समजा एका ठिकाणी मुलाच्या लांब्या 188 आणि 194 आहेत. (हे आकडे फक्त समजण्यासाठी.) एक आईकडून आली, एक बापाकडून. संशयित आईच्या लांब्या 188 आणि 200, संशयित बापाच्या 194 आणि 210. जुळलं. 188 आईचा, 194 बापाचा. दुसरा एखादा उमेदवार 200 आणि 206 घेऊन आला, तर त्याच्याकडून मुलाला मिळण्यासारखं काहीच नाही. तो बाद.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा. ही पद्धत नकार फार जोरात देते आणि होकार हळू देते. दोन-तीन ठिकाणी जुळलं नाही तर उमेदवार जवळपास संपला (एखादं ठिकाण उत्परिवर्तनाने बदललेलं असू शकतं, म्हणून एकाच विसंगतीवर निकाल देत नाहीत). पण जुळलं म्हणून तो बाप ठरला असं लगेच म्हणता येत नाही. योगायोगानेही जुळू शकतं.

दहा मार्कर का पुरत नाहीत

योगायोग किती मोठा हे आकड्यांत काढू. पुन्हा, आकडे समजण्यापुरते. धरा, नात्यात नसलेलं एखादं झाड एका ठिकाणी योगायोगाने जुळण्याची शक्यता 0.3 आहे. दहा ठिकाणी सलग जुळण्याची शक्यता 0.3 चा दहावा घात, म्हणजे साधारण एक लाखात 0.6. एवढ्यावर आपण खूश होऊन पेपर लिहायला बसू.

पण प्रतिस्पर्धी अनोळखी झाड नसेल तर? तो खऱ्या बापाचा सख्खा भाऊ असेल तर? द्राक्षाच्या जुन्या वाणांत असली नाती भरपूर आहेत. भाऊ म्हटल्यावर बरेच तुकडे सारखेच, म्हणून त्याची एका ठिकाणी जुळण्याची शक्यता 0.7 धरू. दहा ठिकाणी? सुमारे 0.028. म्हणजे जवळपास तीन टक्के. असल्या पुराव्यावर कुणी पितृत्व ठरवू नये. आता ठिकाणं तीस करा. भावाची शक्यता घसरून एक लाखात दोनच्या आसपास येते.

1997 मध्ये जॉन बॉवर्स आणि मेरेडिथ यांनी काबर्ने सोव्हिन्योंचे आईबाप जाहीर केले (काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां), तेव्हा त्यांनी 30 ठिकाणं तपासली होती. 1999 मध्ये बुर्सिको आणि इतर फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर शारदने, गामे वगैरे 16 वाण पिनो आणि गुए ब्लां या एकाच जोडप्याची मुलं असल्याचं दाखवलं, तेव्हाही ठिकाणं तिसाच्या वर होती. "एवढे मार्कर कशाला?" या प्रश्नाचं उत्तर वरच्या हिशेबात आहे. मार्करची संख्या ठरवताना आपल्या दाव्याला सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रतिस्पर्धी कोण, हे आधी ठरवावं लागतं. नमुन्याची संख्या, नियंत्रण गट, सगळीकडे हाच नियम चालतो.

सिराच्या बाबतीत उत्तर आलं: आई मोंद्यूझ ब्लांश, बाप द्युरेझा. आई कोण आणि बाप कोण हे ठरवायला वरची पद्धत पुरत नाही, कारण तिला दोघं सारखेच. तिथे हरितलवकाचा डीएनए कामी येतो, तो द्राक्षात आईकडूनच येतो.

पांढरी आई, काळं मूल

मोंद्यूझ ब्लांश हे पांढरं द्राक्ष आहे. सिरा काळं कुळकुळीत. काबर्ने सोव्हिन्योंचंही तसंच, त्याच्या आईबापांत सोव्हिन्यों ब्लां हे पांढरं. हे ऐकून वाइनच्या जगात तेव्हा बरीच खळबळ झाली. पण शाळेतला मेंडेल आठवला तर धक्का बसायचं कारण नाही.

द्राक्षाच्या सालीतला रंग सुरू करणारा जीन आहे व्हीव्हीएमवायबीए1. पांढऱ्या वाणांत या जीनच्या सुरुवातीच्या भागात एक उडता तुकडा, रेट्रोट्रान्सपोझॉन, घुसून बसलेला असतो आणि जीन बंद पडतो. जपानमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये हे दाखवलं. एक प्रत चालू असली तरी रंग येतो. दोन्ही बंद असतील तरच द्राक्ष पांढरं. म्हणजे पांढऱ्या आईने सिराला बंद प्रतच दिली असणार, आणि चालू प्रत काळ्या द्युरेझाकडून आली.

यातून एक भाकीत निघतं. सिराची स्वतःच्याच परागाशी फलधारणा करून बिया लावल्या, तर साधारण चौथा हिस्सा रोपं पांढऱ्या द्राक्षांची निघायला हवीत. बागायतदार बी का लावत नाही, काडीच का लावतो, याचंही उत्तर यातच आहे.

डीएनएने काय सांगितलं नाही

सिराचा जन्म कुठे झाला? मोंद्यूझ ब्लांश हे साव्वाचं, म्हणजे फ्रेंच आल्प्सच्या पायथ्याकडचं द्राक्ष. द्युरेझा आर्देशचं, ऱ्होनच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागातलं. दोघांचा मुलूख जिथे जवळ येतो, त्या उत्तर ऱ्होनच्या आसपास हा संकर झाला असावा, असा निष्कर्ष निघतो. इराण आणि सिसिलीच्या कथा यामुळे मागे पडल्या.

पण 'असावा' हा शब्द नीट वाचा. डीएनएने 'कोण' सांगितलं. 'कुठे' हे आईबापांच्या लागवडीच्या जुन्या नोंदींवरून काढलेलं अनुमान आहे. आणि 'कधी' तर मार्करच्या पट्ट्यांत कुठेच लिहिलेलं नाही. पेपर वाचताना प्रत्येक वाक्याच्या शेजारी हे पेन्सिलीने लिहायची सवय लावा: हे मोजलं, हे अनुमान. चांगल्या पेपरात ही सीमा स्वच्छ दिसते.

झिनफांडेलची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. कॅलिफोर्नियाचं स्वतःचं म्हणवलं जाणारं हे काळं द्राक्ष इटलीतल्या प्रिमितिव्होशी एक आहे, हे डीएनएने 1994 पर्यंत स्पष्ट झालं. पण मूळ घर? क्रोएशियातला प्लावात्स माली हाच झिनफांडेल, असं बरेचजण म्हणत. 1998 मध्ये मेरेडिथ क्रोएशियाला गेल्या आणि झाग्रेब विद्यापीठाच्या इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांच्याबरोबर त्यांनी प्लावात्स मालीच्या बागांतून सुमारे दीडशे नमुने गोळा केले. एकही जुळला नाही. प्लावात्स माली हे झिनफांडेलचं मूल निघालं. तरी शोध चालू राहिला, आणि 2001 च्या शेवटी किनाऱ्यालगतच्या एका जुन्या मिश्र बागेत जुळणारी वेल सापडली: त्सर्लिएनाक काश्तेलान्स्की. तशा मोजक्याच वेली तिथे उरल्या होत्या. पुढे एका वनस्पतीसंग्रहात ठेवलेल्या सुमारे नव्वद वर्षं जुन्या वाळक्या नमुन्याच्या डीएनएवरून या वाणाचं जुनं नाव त्रिबिद्राग असल्याचंही कळलं. माउंट व्हीडरवरच्या या वायनरीने आपल्या झिनफांडेलच्या बाटलीवर हेच नाव छापलं.

त्या मोजक्या वेली त्याआधी उपटल्या गेल्या असत्या, तर तेच मार्कर आणि तीच प्रयोगशाळा असूनही उत्तर मिळालं नसतं. आपल्याकडे देशी वाणांचं काम करू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. यंत्र पाच वर्षांनीही मिळेल. नमुना मिळेलच असं नाही.

आणखी एक मर्यादा. हे मार्कर दोन वाण वेगळे काढतात, पण एकाच वाणातले फुटवे वेगळे काढताना अडखळतात. पिनो नुआर, पिनो ग्री आणि पिनो ब्लां यांचा रंग वेगळा, पण पट्ट्या सारख्याच. आपल्या सांगली-सोलापूरच्या तास-ए-गणेश आणि सोनाका यांचंही तसंच. दोन्ही थॉमसन सीडलेसमधून उत्परिवर्तनाने आलेले, शेतकऱ्यांनी बागेत नजरेने हेरलेले. मण्याची लांबी लांबूनही वेगळी दिसते, पण नेहमीच्या थोड्याशा मार्करवर हे वेगळे काढणं अवघड जातं.

आता डोंगराकडे

इथवर ओळख झाली. पण बाटली उघडणाऱ्याला आईबापाचं नाव चाखायला मिळत नाही. चव आणि वास यांत वेलीइतकाच जागेचाही हात असतो.

माउंट व्हीडर हा उतार बघा. जमीन मुख्यतः जुन्या समुद्रतळाच्या गाळाच्या खडकाची, उथळ आणि निचरा होणारी. दक्षिणेला सॅन पाब्लो उपसागर जवळ, त्यामुळे दुपारी फार तापत नाही. उन्हाळ्यातल्या रात्री समुद्राकडचं धुकं खोऱ्यात उतरतं, जड थंड हवा तळाशी साचते आणि वरचा उतार तुलनेने उबदार राहतो. म्हणजे खोऱ्यापेक्षा दिवस जरा थंड आणि रात्र जरा उबदार.

डोंगरावरची लाल वाइन गडद आणि तुरट का, याचं नेहमीचं उत्तर असं: उथळ जमिनीत वेल जोमाने वाढत नाही, मणी छोटे राहतात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो, रस बहुतेक वाणांत बिनरंगी असतो, म्हणून सालींसकटच आंबवतात. मणी गोल धरला तर सालीचं रसाशी प्रमाण 3 भागिले त्रिज्या. व्यास 14 मिलीमीटरचा 10 झाला की हे प्रमाण 1.4 पट वाढतं. गणित सुबक आहे.

पण कारण खरंच आकार आहे का? डेव्हिसमधल्याच मार्क मॅथ्यूज यांच्या गटाने 2004 मध्ये हा प्रश्न सोडवून पाहिला. त्यांनी पाण्याचा ताण वेगवेगळा दिलेल्या वेलींचे मणी घेतले, आकारानुसार वेगळे केले आणि सारख्या आकाराचे मणी एकमेकांशी ताडून पाहिले. आकार सारखा असतानाही ताण बसलेल्या वेलींच्या मण्यांत सालीतला रंग आणि टॅनिन जास्त आढळलं. म्हणजे मणी लहान होणं आणि साल समृद्ध होणं ही बऱ्याच अंशी पाण्याच्या ताणाचीच दोन फळं आहेत. आकाराला कारण म्हणणं हे सोबत्याला चोर ठरवण्यासारखं झालं.

डोंगराचं दुखणं नेमकं हेच. उंची, उतार, माती, पाणी, ऊन, धुकं सगळं एकत्र बदलतं, वर बाग करणारी माणसंही बदलतात. एका वायनरीची बाटली दुसऱ्या वायनरीच्या बाटलीशेजारी ठेवून 'हा डोंगराचा परिणाम' म्हणता येत नाही. दोन माणसांची छोटी वायनरी उत्तम वाइन बनवू शकते, पण तिच्या एका बागेतून कारण सिद्ध होत नाही. ते तिचं कामही नाही.

मिऱ्याचा वास

कारण वेगळं काढायचं कसं, याचं एक सुंदर उदाहरण सिरामध्येच आहे.

सिराच्या वाइनला काळ्या मिऱ्यासारखा वास येतो, विशेषतः थंड जागच्या. हा वास नेमका कशाचा, हे बरीच वर्षं सापडत नव्हतं. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या गटाने तो रेणू ओळखला: रोटंडोन. हाच रेणू खऱ्या मिऱ्यातही वासाला कारणीभूत निघाला. नाव आलं सायपरस रोटंडस या वनस्पतीवरून, कारण तो आधी तिच्या गाठींतून मिळाला होता. सायपरस रोटंडस म्हणजे आपला नागरमोथा. शेतात तण म्हणून ज्याला शिव्या देतो आणि दिवाळीच्या उटण्यात ज्याचा वास घेतो, तोच.

सापडायला वेळ का लागला? कारण लाल वाइनमध्ये लिटरला 16 नॅनोग्रॅम असला तरी तो जाणवतो. एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला पुरेल. इतका बारीक रेणू शेकडो इतर रेणूंच्या गर्दीत यंत्राला सहज दिसत नाही. आणि वास घेणाऱ्या चमूतल्या साधारण पाचातल्या एकाला पाण्यात भरपूर मिसळूनही तो येतच नव्हता. मोजमापाचं साधन माणसाचं नाक असेल, तर आधी ते साधन तपासा.

आता प्रश्न जागेचा. व्हिक्टोरिया राज्यात माउंट लांगी गिरान नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी मिऱ्याच्या वासासाठी प्रसिद्ध शिराझची बाग आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी डोंगर विरुद्ध खोरं अशी तुलना केलीच नाही. त्यांनी त्या एकाच बागेतल्या एकाच तुकड्यात ठिकठिकाणी मणी गोळा करून रोटंडोन मोजलं. वाण तोच, मालक तोच, छाटणी तीच, वर्ष तेच. तरीही रोटंडोनचं प्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरंच बदललं, आणि त्या बदलाचा नकाशा जमिनीच्या चढउताराशी आणि मातीतल्या फरकाशी जुळला. इतर गोष्टी स्थिर ठेवल्या, म्हणून जमिनीचा आवाज ऐकू आला.

नाशिकची शिराझ ही याच रोपाची काडी, पण तिला आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्या मिळतात. घड हिवाळ्यात भरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणीला येतो. फ्रान्स-कॅलिफोर्नियाचं वेळापत्रक पूर्ण उलटलेलं. या वेळापत्रकात रोटंडोन किती आणि कधी तयार होतं, हा कुणाला प्रबंधाचा विषय म्हणून हवा असेल तर घ्या. मात्र दोन वायनऱ्यांच्या बाटल्या विकत आणून सुरुवात करू नका. एका बागेतल्या रांगांपासून करा.

तुमच्या प्रस्तावासाठी

मिऱ्याचा वास कुणाचा, याचं आतापर्यंतचं उत्तर असं: तो वास तयार करण्याची क्षमता सिराला आईबापांकडून मिळाली. ती किती वापरली जाईल हे जागा आणि हंगाम ठरवतात. पहिल्या अर्ध्या वाक्यासाठी आनुवंशिकी लागते, दुसऱ्यासाठी शेतातला प्रयोग, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना पद्धतीच्या परिच्छेदाखाली तीन ओळी स्वतःसाठी लिहून ठेवा. ही पद्धत कशाला ठाम नकार देऊ शकते? माझ्या दाव्याचा सगळ्यात जवळचा, भावासारखा दिसणारा प्रतिस्पर्धी कोण? आणि ज्या नमुन्यावर उत्तर अवलंबून आहे, तो आज कुठे आहे आणि तो कोण सांभाळतंय? तिसऱ्या ओळीत गावाचं किंवा संग्रहाचं नाव लिहिता आलं नाही, तर प्रयोगशाळेत जाण्याआधी एसटी पकडावी लागेल.